पाऊल नेमकं कुठे चुकतं? घरच्या सीएनसीच्या स्टेपर मोटर्ससाठी इलेक्ट्रॉनिक्स निवडताना

घरच्या सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणाऱ्या मशीनला, लाकडावर नावाची पाटी कोरायला लावली. अक्षरं सुबक उतरली. सगळ्यात शेवटी मशीन शिरोरेषा ओढायला परत आलं आणि ती रेषा अक्षरांच्या डोक्यापासून अडीच मिलिमीटर वर पडली. स्क्रू घट्ट आहेत, पट्ट्या सरळ आहेत, कपलिंग सैल नाही. मग हे अडीच मिलिमीटर आले कुठून?

हौशी मशीनवर याचं उत्तर पुष्कळदा लोखंडात नसून कंट्रोलर आणि मोटर यांच्या मधल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये असतं. आणि नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तोही तिथेच. बोर्डांची नावं डझनभर, प्रत्येकाचे आकडे वेगळे, आणि कोणता बोर्ड चांगला असं विचारलं तर दहा जणांची दहा उत्तरं. खरं तर बोर्डाचा प्रश्न शेवटी यायला हवा. निवड मोटरपासून सुरू करून मागे मागे यायची: मोटर, मग ड्रायव्हर, मग व्होल्टेज, मग पल्सचा वेग आणि मग बोर्ड. हा लेख त्याच वाटेने जातो.

डोळ्यांवर पट्टी बांधून जिना चढणारी मोटर

साधी मोटर वीज मिळाली की फिरत राहते. स्टेपर मोटर पावलं टाकते. हौशी मशीनवर दिसणाऱ्या बहुतेक स्टेपर्सचं एक पाऊल १.८ अंशांचं असतं, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावलं. विजेचा एक छोटा ठोका दिला की एक पाऊल. या ठोक्याला पल्स म्हणतात.

डोळ्यांवर पट्टी बांधून जिना चढणाऱ्या माणसाला आपण बाहेरून ‘एक, दोन, तीन’ मोजून देतोय असं समजा. आपण शंभर म्हटलं की तो शंभराव्या पायरीवर आहे असं आपण धरून चालतो. मध्येच त्याचा पाय अडखळून एक पायरी हुकली, तर ते ना त्याला कळतं ना आपल्याला. पुढचं सगळं गणित एका पायरीने चुकलेलं राहतं. कंट्रोलर पल्स पाठवतो, पण मोटर खरंच तिथे पोचली का हे विचारत नाही. अशा रचनेला ओपन लूप म्हणतात. ती स्वस्त आणि सोपी आहे, पण एकही पल्स वाया जाता कामा नये ही तिची अट आहे.

साखळी अशी: कॉम्प्युटरवर जी-कोड तयार होतो, म्हणजे ‘इथून तिथे इतक्या वेगाने जा’ अशा ओळी. कंट्रोलर त्या ओळींचे पल्स बनवतो. ड्रायव्हर त्या नाजूक पल्सवरून मोटरच्या कॉइलमध्ये जोरकस करंट सोडतो. पॉवर सप्लाय ड्रायव्हरला वीज पुरवतो. कंट्रोलर आणि ड्रायव्हर यांच्यात प्रत्येक अक्षासाठी मोजक्या तारा असतात: स्टेप (पाऊल टाक), डिरेक्शन (कुठल्या बाजूला) आणि हवी असल्यास एनेबल (मोटर धरून ठेव किंवा सोड).

आधी मोटरवरचं लेबल वाचा

नेमा १७ आणि नेमा २३ ही मोटरच्या ताकदीची नावं नाहीत. ती पुढच्या चौकोनी तोंडाची मापं आहेत: १.७ इंच आणि २.३ इंच. त्याच मापात आखूड मोटरही मिळते आणि लांबही. निवडीसाठी लागतात तीन गोष्टी: प्रत्येक फेजचा (म्हणजे कॉइलचा) करंट, कॉइलचं इंडक्टन्स (करंट चढायला ती किती आळस करते त्याचं माप) आणि तारांची संख्या.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. नेमा २३ मोटर, करंट २.८ अँपिअर, रोध ०.९ ओहम, इंडक्टन्स २.५ मिलिहेन्री. ती ५ मिलिमीटर लीडचा बॉल स्क्रू फिरवते, म्हणजे एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकते. आपल्याला मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग हवा आहे, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे.

चार तारांची मोटर जोडायला सोपी. दोन कॉइल, प्रत्येकीची दोन टोकं. रंगांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. मल्टिमीटरने ज्या दोन तारांमध्ये ओहमभर रोध दिसेल ती एक जोडी. मल्टिमीटर हाताशी नसेल तर मोटर कुठेही जोडलेली नसताना कुठल्याही दोन तारा एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवा. शाफ्ट अडखळत, जड फिरला तर ती जोडी सापडली. जोड्या बरोबर असून मोटर उलटी फिरत असेल तर एकाच कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करा. दोन कॉइलच्या तारा एकमेकींत मिसळल्या तर मोटर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते.

आठ तारांची मोटर मिळाली तर तिच्या अर्ध्या कॉइल समांतर जोडा. सिरीजमध्ये जोडल्यास समांतरच्या निम्मा करंट पुरतो, पण इंडक्टन्स चौपट होतं आणि वेग वाढला की मोटरचा जोर ओसरतो. सीएनसीला वेगातला जोर लागतो.

ड्रायव्हर: छोटी पट्टी की बंद डबी?

ड्रायव्हर साधारण दोन घराण्यांतले असतात. पहिलं घराणं बोटभर पट्टीचं, कंट्रोलरवरच्या खाचेत बसणारं. ए४९८८ ही चिप ३५ व्होल्टपर्यंत चालते, पण हीटसिंकशिवाय (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) साधारण १ अँपिअरच्या वर नेऊ नये. डीआरव्ही८८२५ ही ४५ व्होल्टपर्यंत आणि हीटसिंकशिवाय दीड अँपिअरपर्यंत. टीएमसी२२०९ ही २९ व्होल्टपर्यंत आणि जवळजवळ निःशब्द. तिचा शांत मोड वेगात जोर गमावतो, म्हणून कापकामासाठी स्प्रेडसायकल हा दुसरा मोड निवडावा. ही तिन्ही नावं नेमा १७ साठी ठीक आहेत.

दुसरं घराणं बंद डबीचं, स्क्रूच्या टर्मिनल्सचं. डीएम५४२ हा त्यातला नमुना: २० ते ५० व्होल्ट, ४.२ अँपिअरपर्यंत. टीबी६६०० नावाच्या डब्याही खूप खपतात, पण झाकणावर ते नाव असलं तरी आत दुसरीच, कमी करंटची चिप निघते असं वारंवार आढळतं. झाकणावरच्या कमाल आकड्याच्या तीन चतुर्थांशावर अशी डबी चालवायची ठरवलीत तर ती टिकते.

आपल्या उदाहरणातली मोटर २.८ अँपिअरची. म्हणजे पट्टीचं घराणं बाद. ‘पंखा लावून डीआरव्ही८८२५ ताणता येईल ना?’ असं बऱ्याच जणांना वाटतं. मिनिटभर चालतं. मग चिप तापून स्वतःला क्षणभर बंद करते, थंड झाली की पुन्हा सुरू होते, आणि त्या क्षणात आलेले पल्स हवेत विरतात. मशीन थांबत नाही, फक्त चुकीच्या जागी कापत राहतं. बंद पडलेलं मशीन यापेक्षा बरं.

पट्टीच्या ड्रायव्हरची एक खोड लक्षात असू द्या. ए४९८८ काढून तिथे डीआरव्ही८८२५ बसवताना करंटचा छोटा स्क्रू ‘पूर्वी होता त्याच बाजूला’ ठेवला तर पट्टी उलटी बसते आणि वीज देताच जळते. दोन्हींत तो स्क्रू विरुद्ध टोकांना असतो. पट्टीवरचं ‘ईएन’ हे अक्षर आणि बोर्डावरचं तेच अक्षर जुळवून बसवा. तसंच, खाचेजवळ मोटरच्या विजेवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे का ते पाहा. तो नसेल तर वीज जोडताना तारांमुळे उठणारी व्होल्टेजची उसळी चिपला मारू शकते.

दोन्ही घराण्यांना लागू असलेला नियम: ड्रायव्हर चालू असताना मोटरची तार काढू नका, आणि ती सैलही राहू देऊ नका. कॉइलमधला करंट अचानक तुटला की तो कुठूनतरी वाट काढू पाहतो आणि व्होल्टेज उसळतं. ड्रायव्हर मरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

मोटर अडीच व्होल्टची, मग ३६ व्होल्ट कशाला?

ही शंका रास्त आहे. २.८ गुणिले ०.९ केलं की २.५ व्होल्ट येतात. मोटर स्थिर उभी असेल तर तेवढे पुरतातही.

पण कॉइल म्हणजे जड झोपाळा. ढकलला की लगेच वेग घेत नाही. कॉइलमध्येही करंट हळूहळू चढतो, आणि या आळसाचं माप म्हणजे इंडक्टन्स. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला २००० पूर्ण पावलं, म्हणजे एका पावलाला अर्धा मिलिसेकंद. अडीच व्होल्टवर तेवढ्या वेळात करंट जेमतेम सहाव्या हिश्शापर्यंत पोचतो, आणि पुढच्या पावलाची वेळ येते. जोर करंटमधून येतो, त्यामुळे मोटर अडखळते. २४ व्होल्टने ढकललं तर पूर्ण करंट चढायला साधारण ०.३ मिलिसेकंद लागतात, ३६ व्होल्टने ०.२. फिरणारी मोटर स्वतः जो उलटा दाब तयार करते तो यात धरलेला नाही. तो धरला की जास्त व्होल्टेजची गरज आणखी ठळक होते.

मग मोटर जळत नाही का? नाही, कारण ड्रायव्हर चॉपर पद्धतीचा असतो. करंट ठरलेल्या आकड्याला पोचला की तो वीज तोडतो, जरा उतरला की पुन्हा जोडतो, असं सेकंदाला हजारो वेळा. व्होल्टेज किती मोठं आहे यावर चढण्याचा वेग ठरतो, कुठवर चढायचं ते ड्रायव्हर ठरवतो.

वरची मर्यादा काढायला कारागिरांत एक अंदाज वापरतात: इंडक्टन्सच्या मिलिहेन्री आकड्याचं वर्गमूळ गुणिले ३२. २.५ चं वर्गमूळ १.५८, म्हणजे सुमारे ५० व्होल्ट. त्याच्या पलीकडे मोटर फक्त तापते. डीएम५४२ चीही मर्यादा ५० आहे, पण म्हणून ४८ चा सप्लाय घेऊ नका. जड गॅन्ट्री (कापणारं टूल वाहून नेणारी आडवी कमान) अचानक थांबते तेव्हा मोटर जनरेटरसारखी वागून वीज उलटी ढकलते आणि व्होल्टेज वर जातं. ३६ व्होल्ट घेतले की मोकळी जागा राहते.

सप्लायचा करंट काढताना सगळ्या मोटर्सची बेरीज करून तिचे दोन तृतीयांश घ्या. तीन मोटर्सचे ८.४, त्याचे ५.६ अँपिअर. ३६ व्होल्टवर हे २०० वॉटच्या आसपास जातं. प्रत्येक ड्रायव्हरला सप्लायपासून स्वतंत्र जोडी न्या. एका ड्रायव्हरवरून दुसऱ्यावर उडी मारत नेलेल्या तारांत शेवटच्या ड्रायव्हरला सगळ्यांचा खळखळाट सोसावा लागतो.

करंट बसवताना

बंद डबीवर छोट्या स्विचांची रांग असते आणि शेजारी तक्ता छापलेला असतो. त्या तक्त्यात पीक आणि आरएमएस असे दोन रकाने असतील तर गफलत होऊ देऊ नका. पीक म्हणजे लाटेचं टोक, आरएमएस म्हणजे तिची परिणामी सरासरी, आणि पीक हा आरएमएसच्या १.४ पट असतो. मोटरच्या लेबलवरचा २.८ तुम्ही पीकच्या रकान्यात बसवलात तर मोटर थोडी थंड आणि थोडी अशक्त राहील. सुरुवात तिथूनच करावी.

पट्टीच्या ड्रायव्हरवर स्क्रू फिरवून एक व्होल्टेज बसवावं लागतं. ए४९८८ चं सूत्र: हवा असलेला करंट गुणिले ८ गुणिले सेन्स रेझिस्टर (ज्यावरून चिप करंट मोजते तो). हा रेझिस्टर सगळ्या पट्ट्यांवर सारखा नसतो, म्हणून इकडून तिकडून ऐकलेला आकडा तुमच्या पट्टीला लागू पडेलच असं नाही. चिपशेजारच्या दोन काळ्या तुकड्यांवर आर१०० लिहिलं असेल तर १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट, आर०६८ असेल तर ०.५४, आर०५० असेल तर ०.४. चुकीचा धरला तर मोटर निम्म्या किंवा दुप्पट करंटवर चालते.

स्टेपर मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली की लोक घाबरतात. स्टेपर उभी असतानाही पूर्ण करंट खाते, त्यामुळे ती गरम होणारच. बऱ्याच मोटर्स पृष्ठभागावर ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापणं सहन करतात. प्लास्टिकच्या धारकावर बसवली असेल तर मात्र धारक मऊ पडेल.

मायक्रोस्टेप वाढवले की अचूकता वाढते का?

नाही, निदान लोक समजतात तशी नाही. मायक्रोस्टेपिंग म्हणजे दोन्ही कॉइलमधला करंट थोडा थोडा बदलून एका पावलाचे तुकडे करणं. १६ मायक्रोस्टेपवर एका फेऱ्यात ३२०० तुकडे होतात. पण अशा एका तुकड्यापुरता मोटरचा जोर धरून ठेवण्याच्या जोराच्या दहा टक्केही नसतो, ३२ वर तो पाच टक्के उरतो. घर्षण त्याहून जास्त असेल तर मोटर एकदोन तुकडे हलतच नाही, मग एकदम सरकते. मायक्रोस्टेपिंगचा खरा फायदा गुळगुळीत चाल आणि कमी आवाज हा आहे. ८ किंवा १६ वर तो बराचसा मिळून जातो.

तोटा मात्र लगेच दिसतो, पल्सच्या मागणीत. आपल्या मोटरला ६०० फेऱ्यांसाठी ८ मायक्रोस्टेपवर सेकंदाला १६,००० पल्स लागतात, १६ वर ३२,०००. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारं जीआरबीएल हे फर्मवेअर (बोर्डातच भरलेला प्रोग्राम) साधारण ३०,००० पर्यंतच पल्स देऊ शकतं. म्हणजे स्विचांच्या एका चुकीच्या जोडीने तुम्ही बोर्डाची ताकद संपवून टाकली. ८ वर बसवा. मिलिमीटरला पल्स होतात १६०० भागिले ५, म्हणजे ३२०. जीआरबीएलमध्ये हाच आकडा $१०० पासूनच्या सेटिंग्जमध्ये जातो. एक पल्स म्हणजे ०.००३ मिलिमीटर, हौशी मशीनच्या वाकण्यापुढे हे काहीच नाही.

आता बोर्ड

इथवर आलो की बोर्डाचा प्रश्न लहान झालेला असतो: १६,००० पल्स, तीन अक्ष, बाहेरचे ड्रायव्हर.

जुना मार्ग पॅरलल पोर्टचा. जुन्या कॉम्प्युटरच्या मागच्या २५ पिनांच्या खोबणीत १२ आउटपुट आणि ५ इनपुट मिळतात, आणि पल्स खुद्द कॉम्प्युटर बनवतो. ‘अडगळीतला कॉम्प्युटर आहे, तो वापरू का?’ लिनक्ससीएनसी हा मशीन चालवणारा प्रोग्राम टाकून वापरता येतो, पण आधी त्याची लेटन्सी टेस्ट चालवून पाहा. कॉम्प्युटर पल्स द्यायला किती मायक्रोसेकंद उशीर करतो ते त्यात दिसतं. मॅक३ या विंडोजवरच्या तशाच प्रोग्रामचा पॅरलल ड्रायव्हर (इथे ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअर) ६४ बिट विंडोजवर चालत नाही. यूएसबीतून पॅरलल पोर्ट काढणारी प्रिंटरची केबल यासाठी निरुपयोगी आहे, कारण यूएसबी माहिती गठ्ठ्यांनी पाठवते आणि पल्सला गठ्ठा चालत नाही.

मग यूएसबीवरचं जीआरबीएल कसं चालतं? कारण तिथे यूएसबीवरून पल्स जात नाहीत, जी-कोडच्या ओळी जातात. त्या बोर्डावरच्या छोट्या साठ्यात जमा होतात, आणि पल्सची वेळ बोर्डच सांभाळतो. टाकीत पाणी असलं की नळ एकसारखा वाहतो, टाकी भरणारा पंप थांबत थांबत चालला तरी. ही टाकी मात्र लहान आहे, १२८ बाइटची. म्हणून बारीक बारीक तुकड्यांच्या वक्र रेषा कोरताना मशीन अडखळू लागलं तर टाकी रिकामी पडतेय असं समजावं.

आपल्या उदाहरणाला उनो पुरतो. ज्यांना १६ किंवा ३२ मायक्रोस्टेप, चौथा अक्ष किंवा जास्त वेग हवा आहे त्यांनी ३२ बिटच्या बोर्डाकडे जावं: ईएसपी३२ वर फ्लुइडएनसी, किंवा टीन्सी ४.१ वर जीआरबीएलहॅल. ज्यांना लिनक्ससीएनसीच आवडतं आणि पॅरलल पोर्ट नकोय त्यांच्यासाठी इथरनेटवरची मेसा कार्डं आहेत. त्यांत पल्स कार्डावरची चिप बनवते. पहिल्या मशीनसाठी ती लागतातच असं नाही.

बारीक तारांमधली अडीच मिलिमीटर

लोक ज्यावर सगळ्यात कमी वेळ घालवतात तो भाग हा, आणि पाट्या बिघडतात त्या याच भागामुळे.

बंद डबीच्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक इनपुटवर ऑप्टोकपलर असतो. आत एक छोटा दिवा, समोर प्रकाश ओळखणारी चिप, मध्ये तारेचा संबंध नाही. मोटरच्या बाजूचा गोंधळ त्यामुळे कंट्रोलरपर्यंत पोचत नाही. दिवा पेटला तरच पल्स पोचला. डीएम५४२ ला त्यासाठी ७ ते १६ मिलिअँपिअर लागतात. समजा आत ३३० ओहमचा रेझिस्टर आहे आणि दिव्यावर १.४ व्होल्ट पडतात. उनोच्या ५ व्होल्टवर ११ मिलिअँपिअर मिळतात, ठीक. ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर मिळतात जेमतेम ६. हळू चालवताना सगळं सुरळीत, वेग घेतला की मधले पल्स गायब.

‘मग प्लस टोक ५ व्होल्टला जोडून मायनस टोक ईएसपी३२ ने खाली ओढलं तर?’ पेटेल छान, पण नीट विझणार नाही. पिन वर असतानाही ५ आणि ३.३ मध्ये १.७ व्होल्टचा फरक उरतो, आणि दिवा मिणमिणत राहू शकतो. शिवाय ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्टशी असा संबंध मानवत नाही. बरोबर उपाय मध्ये एक बफर, म्हणजे ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ व्होल्टचा करून पुढे देणारी चिप, घालण्याचा: ७४एचसीटी२४५, ५ व्होल्टवर चालवलेला. नावातला ‘टी’ विसरू नका. एचसीटी २ व्होल्टपासून वरचा सिग्नल ‘वर’ मानतो. साध्या एचसीला ५ व्होल्टवर ३.५ लागतात, आणि ३.३ तिथे कमी पडतात. ईएसपी३२ साठी बनवलेल्या सीएनसी बोर्डांवर बहुधा हा बफर असतो. नसेल तर तो बोर्ड बाहेरच्या ड्रायव्हरसाठी घेऊ नये.

आता दिशेचं. ड्रायव्हर पल्सच्या एका कडेवर पाऊल मोजतो, आणि त्या क्षणी डिरेक्शनची तार काय म्हणतेय ते पाहतो. ती तार त्याआधी काही काळ स्थिर झालेली हवी. डीएम५४२ साठी हा काळ ५ मायक्रोसेकंदांचा. उनोवरचं जीआरबीएल मूळ रूपात डिरेक्शन आणि स्टेप जवळजवळ एकाच क्षणी बदलतं. पट्टीच्या ड्रायव्हरला ते चालतं, मंद ऑप्टोच्या डबीला नाही. दिशा बदलल्यावरचं पहिलं पाऊल जुन्याच बाजूला पडतं.

दोन्ही बाजूंना सारखी चूक झाली असती तर ती फिटली असती. पण ऑप्टोचा दिवा पेटताना चटकन कळतो आणि विझताना उशिरा कळतो. म्हणून चूक एकाच बाजूच्या वळणावर होते. पुढे टाकायचं पाऊल मागे पडलं, म्हणजे फरक दोन पल्सचा. ३२० पल्सच्या हिशोबात दर येरझारीला ०.००६२५ मिलिमीटर. डोळ्याला दिसणार नाही. पण एका पाटीत अशा ४०० येरझारा झाल्या की बरोबर अडीच मिलिमीटर होतात, आणि शिरोरेषा वर जाऊन बसते.

यावर उपाय पैशांचा नाही, सेटिंगचा आहे. जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्टेप पल्स डिले’ नावाची ओळ बंद ठेवलेली असते. ती चालू करून १० मायक्रोसेकंद ठेवा आणि फर्मवेअर पुन्हा चढवा. पल्सची रुंदी $० मध्ये मूळचीच १० असते. दोन्ही मिळून २० मायक्रोसेकंद झाले. १६,००० पल्सच्या वेगात दोन पल्समधलं अंतर ६२ मायक्रोसेकंद असतं, त्यात हे आरामात बसतात. फ्लुइडएनसीमध्ये दिशेच्या उशिराची वेगळी सेटिंग आहे, लिनक्ससीएनसीमध्ये ‘डिरसेटअप’ आणि ‘डिरहोल्ड’ नॅनोसेकंदांत द्यायचे असतात, म्हणजे ५ मायक्रोसेकंदांना ५०००.

जोडणीची पद्धतही इथे आड येते. तिन्ही मायनस टोकं ग्राउंडला जोडली तर पिन वर गेल्यावर दिवा पेटतो. तिन्ही प्लस टोकं ५ व्होल्टला जोडली तर पिन खाली गेल्यावर पेटतो, म्हणजे मोजली जाणारी कड पल्सच्या दुसऱ्या टोकाला सरकते. तसं केलं असेल तर $२ मध्ये स्टेप उलटा करा, तिन्ही अक्षांसाठी आकडा ७. एनेबलच्या तारा बहुतेक डब्यांवर मोकळ्या सोडल्या तरी चालतात, तेव्हा ड्रायव्हर चालूच राहतो. जोडल्या असतील तर $१ मध्ये २५५ भरा, नाहीतर चाल थांबताच मोटर सुटते आणि जड झेड (वर-खाली जाणारा) अक्ष हळूच खाली सरकतो.

आगंतुक पल्स

आतापर्यंत हरवणाऱ्या पल्सबद्दल बोललो. कधी कधी न पाठवलेलेही येतात. स्पिंडल (कापणारं टूल फिरवणारी मोटर) सुरू होताच लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचला की मशीन थांबवणारा) न दाबता मशीन थांबलं तर स्विचच्या तारेत विजेचा गोंधळ, म्हणजे नॉइज, शिरतोय. उनोच्या आतला पुल-अप (पिन ५ व्होल्टकडे धरून ठेवणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार दुबळा. लांब तार अँटेनासारखी वागते. ५ व्होल्टपासून बाहेरून १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि बोर्डापाशी पिन व ग्राउंड यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्विच नेहमी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड निवडा. तार तुटली तरी मशीन थांबेल. मोटरच्या आणि स्विचच्या तारा एका जुडग्यात बांधू नका. मोटरसाठी शील्डची केबल घ्या आणि शील्ड एकाच टोकाला, पेटीकडे, अर्थला जोडा.

इमर्जन्सीचं लाल बटण सॉफ्टवेअरला विनंती करणारं नसावं. ते काँटॅक्टरमार्फत (मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचमार्फत) स्पिंडलची आणि मोटर सप्लायची वीज तोडणारं हवं. अडकलेला कंट्रोलर विनंती ऐकत नाही, आणि तेव्हाच बोटं धोक्यात असतात.

क्लोज्ड लूपच घेतलं तर?

मोटरच्या मागे एन्कोडर (ती खरंच किती फिरली ते सांगणारा) आणि त्याला साजेसा ड्रायव्हर असला तर हुकलेली पावलं ड्रायव्हर स्वतः भरून काढतो. फारच मागे पडला तर अलार्म देतो. जड मशीनवर हे मोलाचं आहे. पण ड्रायव्हर भरून काढतो ते त्याच्यापर्यंत पोचलेले पल्स. वाटेत विझलेला पल्स किंवा चुकीच्या दिशेचं पाऊल त्याच्या लेखी आदेशच असतो, आणि तो ते प्रामाणिकपणे पाळतो. अलार्मची तार कंट्रोलरला जोडली नाही तर एक अक्ष थांबतो आणि बाकीचे दोन कापत राहतात.

कापण्यापूर्वी तपासणी

स्पिंडलमध्ये काही लावू नका. डायल गेज (बारीक सरक काट्याने दाखवणारं माप) टेबलावर घट्ट बसवा, अक्ष त्याला टेकवून काटा शून्यावर आणा. मग गेजपासून दूर ५ मिलिमीटर जाऊन परत येण्याच्या ४०० येरझारा चालवा. आधी मंद, मिनिटाला ५०० मिलिमीटरने. काटा शून्यावर परतला नाही आणि सरक येरझारांच्या प्रमाणात वाढत असेल, २०० ना निम्मी आणि ४०० ना पूर्ण, तर दिशेची वेळ किंवा पल्सची कड चुकली आहे. मंद वेगात काटा जागेवर आणि वेगात सरकतो, तोही कधी कमी कधी जास्त, तर त्वरण जास्त आहे, व्होल्टेज कमी पडतंय किंवा ऑप्टोला करंट पुरत नाही. $१२० पासूनची त्वरणाची सेटिंग निम्मी करून पाहा. फरक पडला तर मोटर दमत होती, नाही पडला तर तारांकडे वळा. शेवटी स्पिंडल चालू करून तेच पुन्हा. तेव्हाच काटा हलला तर शील्ड आणि ग्राउंड तपासा.